योहान कुणीकडे बघतो

‘किती लांब आहे गं?’ तात्यांनी विचारलं.

आम्ही दोघं दालनाच्या दारात उभे होतो. आत अंधुक उजेड होता. जास्त उजेडानं रंग उडतात, हे येवल्याच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. समोरच्या दगडी भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक विणलेला पट टांगला होता आणि त्याच्यावर जगाचा शेवट चालला होता. एक चौकट लाल, एक निळी, पुन्हा एक लाल. तारे पडत होते, घरं उलटी होत होती, सात डोक्यांचा अजगर एका बाईच्या मागे लागला होता, आणि हे सगळं इतकं मुकाट्यानं चाललं होतं, की मला स्वतःच्या चपलांचा आवाज नको झाला.

‘समोर तर आहे,’ मी म्हणाले.

‘समोर आहे ते कळलं. लांब किती?’

‘आपल्या गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या पारापर्यंत असेल.’

‘एवढा?’ ते म्हणाले, आणि दोन पावलं पुढे होऊन त्यांनी हात जोडले. ‘नमस्कार, साहेब.’

तिथे साहेब नव्हता. खुंटीवर एक लांब काळा कोट टांगला होता आणि त्याच्यावर कुणाची तरी टोपी. मी फसकन हसले. तात्यांचा स्वभाव मुळात थट्टेखोर, त्यामुळे मला वाटलं, चालली यांची गंमत. मग त्यांनी मान किंचित वाकवून कोटाच्या उत्तराची वाट पाहिली, आणि माझं हसू तिथल्या तिथे थांबलं.

ही १९८५ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. फ्रान्समधल्या त्या गावाचं नाव मला तिथे राहूनही धड घेता आलं नाही, तेव्हा आता ते घेऊन त्याची आणखी विटंबना करत नाही. नदीकाठचं गाव होतं. रोज सकाळी धुक्यात बुडायचं आणि अकराच्या सुमाराला वर यायचं.

आदल्या वर्षी तिथली ओदील नावाची एक बाई पैठणी बघायला येवल्याला आली होती. साठीची, उंच, बोटं संधिवातानं वाकलेली. तिला सगळे मादाम म्हणत. जुने विणलेले पट दुरुस्त करण्याचा तिचा कारखाना होता. आमच्या ओट्यावर बसून तिनं एक पदर हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा. चहा गार झाला तरी तिचं आपलं तेच. पैठणीला उलटी बाजू नसते. वरून जसा मोर तसाच खालून. गाठ नाही की लोंबणारा धागा नाही. मादामच्या गावातल्या त्या सहाशे वर्षांच्या पटालाही म्हणे उलटी बाजू नव्हती, आणि त्यातल्या एका चौकटीत वीतभर तुकडा गायब होता. तो तसाच विणू शकणारे हात तिच्या कारखान्यात तिचे एकटीचेच उरले होते, आणि ते वाकले होते. म्हणून तिनं तात्यांना बोलावलं, माझ्या वडलांना, रंगनाथ दिवट्यांना.

मी सोबत गेले ती तिल्ल्या भरायला. तिल्ली म्हणजे रंगीत धाग्याची बोटाएवढी कांडी. जितके रंग तितक्या तिल्ल्या. विणता मलाही येत होतं, आणि बरं येत होतं, पण कागदावर मी मदतनीस होते.

त्या कोटाच्या नमस्कारानंतर मी तात्यांना नदीकाठच्या बाकावर नेऊन बसवलं.

‘कधीपासून?’

‘काय कधीपासून?’

‘तात्या, तुम्ही कोटाला नमस्कार केलात.’

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, ‘कापड चांगलं असेल त्याचं.’

मी या वेळी हसले नाही. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू होता. नाशिकच्या डॉक्टरला दाखवून दोन वर्षं झाली होती.

‘नाशिकला कधी गेला होतात तुम्ही?’

‘पैठणीची जर आणायला म्हणून गेलो होतो, ते.’

‘आणि आईला?’

‘तिला कशाला? ती देव पाण्यात घालून बसेल.’ मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्याशी धरली. ‘हे बघ, कांडीच्या भोकातून बघावं, एवढं दिसतं. मोराची चोच धरली तर शेपूट जाते. त्यात निळा आणि काळा सारखेच झालेत आता. घरी काय, सगळं पाठ आहे, म्हणून कुणाला कळलं नाही. वर्षभरात हेही जाईल म्हणाला डॉक्टर.’

‘आपण मादामला सांगू या.’

‘सांगितलं तर ती माझ्या हातात तिल्ली देईल का? तूच सांग, तू दिली असतीस?’

मी दिली नसती.

‘अने, एवढं एक करून जाऊ दे मला. हे झालं की मी माग सोडतो, तुझी शपथ. बोटांना अजून दिसतंय. चाळीस वर्षांत माझा एक तार चुकला नाही.’

हे खरं होतं. ताण्याचे उभे तार ते अंगठ्याच्या नखानं मोजायचे, बोलता बोलता, भांडता भांडता, आणि चुकायचे नाहीत. मी हो म्हणाले. अशी मी त्यांची आंधळ्याची काठी झाले, आणि तीही कुणाच्या लक्षात न येणारी.

दुसऱ्या दिवशी आम्हाला दुभाषी मिळाली. तिथल्या ख्रिस्ती देवळाशेजारच्या मठात फिलोमिना नावाची एक सिस्टर होती, मूळची वसईची. पन्नाशीची, बुटकी, जलद चालणारी. अकरा वर्षांत तिला मराठी बोलायला माणूस मिळालं नव्हतं. आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी मी तिच्या पावावर ठेवली, तर तिच्या डोळ्यांना धार लागली. तिखटानं, म्हणाली.

कारखाना नऊला उघडायचा. त्याआधी आम्ही तिघं पटाजवळून चालायचो. सिस्टर गोष्ट सांगायची आणि समोर काय दिसतंय ते मी तात्यांच्या कानात. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून पोरगी पुन्हा सांगते.

‘आमच्या बायबलात योहान म्हणून एक म्हातारा आहे, काका. त्याला धरून एका बेटावर नेऊन टाकलं. तिथे देवदूत त्याला सगळ्याचा शेवट दाखवतो.’

‘हा कुठं आहे?’ तात्या मला हळूच विचारायचे.

‘डाव्या कडेला. निळा झगा, पांढरी दाढी. हातात पुस्तक धरलंय.’

पहिल्या दिवशी सात कर्णे वाजले. दुसऱ्या दिवशी टोळ आले, माणसांच्या तोंडाचे. मी तात्यांना सांगितलं, दुष्काळानंतर आले होते ना, तसे, फक्त तोंड बघितलं तर कुणाचा तरी मेहुणा वाटावा. तिसऱ्या दिवशी चंद्र पायाखाली घेतलेली बाई आणि तिच्या मुलावर टपलेला अजगर. त्याची सात डोकी मी एकेक करून सांगितली. त्यातलं एक मागे वळून आपल्याच शेपटीकडे बघत होतं. तात्यांना ते फार आवडलं. कुठल्या तरी विणकराला कंटाळा आला असणार, म्हणाले.

‘सिस्टर, हे सगळं होऊन गेलंय का व्हायचंय?’ त्यांनी एकदा विचारलं.

‘व्हायचंय, काका.’

‘मग विणणाऱ्याला घाई नसेल.’

सिस्टर हसली. मग म्हणाली, शेवटी सगळं मोडून झाल्यावर वरून एक नवं शहर उतरतं, नवं यरुशलेम. तिथे मरण नाही, रडणं नाही. नदी आहे, आणि काठावर एक झाड, दर महिन्याला नवं फळ देणारं.

त्या दिवसांत मला जागेपणाचं आणि झोपेचं काही नीट राहिलं नव्हतं. सकाळी धुक्यातून चालताना आधी घंटा ऐकू यायची, मग देवळाचा कळस वरच्या वर दिसायचा, खाली काहीच नाही. मग छपरं, मग खिडक्या, मग आम्ही उभे असलेला पूल. मी तात्यांना म्हणायचे, उतरतंय बरं का ते शहर. ते मान हलवायचे. दुपारी बाकावर त्यांचा डोळा लागायचा आणि उठल्यावर म्हणायचे, अजगर आपल्या आडात उतरला होता आणि तुझी आई त्याला वर ये म्हणून रागवत होती. मी रात्री डोळे मिटले की लाल चौकट, निळी चौकट, लाल चौकट. सव्वीस वर्षांत मी कधी कुठली गोष्ट इतक्या लक्ष देऊन बघितली नव्हती. दुसऱ्याला सांगायचं म्हटल्यावर माणूस बघायला लागतं.

‘प्रत्येक चौकटीत असतो का गं तो योहान?’

‘प्रत्येक.’

‘काय करतो?’

‘काही नाही. बघतो.’

‘आणि तो देवदूत?’

‘तो दाखवतो.’

‘हं,’ तात्या म्हणाले.

ज्या चौकटीसाठी आम्ही गेलो होतो, ती शेवटून दुसरी. उजवीकडे ढगांतून शहर उतरत होतं, बुरूज, दारं सगळं घेऊन. डावीकडे देवदूत उभा होता आणि त्यानं योहानाचं मनगट धरलं होतं. मध्ये योहान. झगा होता, दाढीचं टोक होतं, पाय होते, चेहरा नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीच्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत लोकांनी पट कापून नेला होता आणि घोड्यांच्या पाठीवर घातला होता, असं सिस्टरनं सांगितलं. सांगताना तिला वाईट वाटत होतं.

‘घोड्याला ऊब लागली असेल ना?’ तात्या म्हणाले. ‘मग झालं.’

मादामनं इतर चौकटींतल्या योहानावरून एक चेहरा कागदावर काढला होता. जरासा तिरका, डोळे उजवीकडे, उतरत्या शहराकडे. तुकडा वेगळ्या छोट्या मागावर विणायचा आणि मग पटात सांधायचा. रेशमाऐवजी लोकर होती. पहिले दोन दिवस तात्या तिला शिव्या देत होते, मग त्यांची आणि तिची गट्टी जमली.

मी त्यांच्या डावीकडे बसायचे. तिल्ल्या ठरल्या क्रमानं त्यांच्या मांडीजवळ लावून ठेवायचे आणि हलक्या आवाजात सांगत राहायचे: पाच तार गव्हाळ, दोन राखी, एक गव्हाळ, तीन पांढरा. दिवसभर हीच पुटपुट. कारखान्यातल्या बायकांना वाटलं, आम्ही काही मंत्र म्हणतो. मादामनं त्यांना बजावून ठेवलं की प्रार्थना चालू असताना मध्ये जायचं नाही. आमचं गुपित झाकायला त्यांचं अज्ञान असं उपयोगी पडलं.

रोज दहाच्या सुमाराला मी अंगणापलीकडच्या खोलीत लोकर निवडायला जायचे. तिथे ती चौकट उतरवून ठेवली होती. पटाच्या मागच्या बाजूला उजेड लागलेला नव्हता, तिथले रंग ताजे होते, आणि त्यांच्याशी एकेक धागा जुळवायचा म्हणजे तास सहज जायचा. तेवढ्या वेळात सिस्टर तात्यांजवळ येऊन बसायची. परत आले की दोघं बोलता बोलता थांबायची.

‘काय चाललंय?’

‘वसईच्या केळ्यांचं,’ सिस्टर म्हणायची.

आठ दिवसांत दाढी, ओठ आणि नाक झालं. नाक तर इतकं सुरेख, की मादामनं वाकड्या बोटानं त्याच्या कडेवरून हात फिरवला. नवव्या दिवशी डोळे.

डोळ्याला अकरा तार होते. बुबुळाला तीन. कागदावर ते तीन उजव्या टोकाला होते. मी तात्यांना सकाळी दोनदा सांगितलं: डावीकडून आठ तार पांढरा, मग तीन काळा. त्यांनी मान डोलावली. पांढरी तिल्ली मी पहिली ठेवली, काळी दुसरी, म्हणजे गोंधळ नको, आणि केसांसाठी राखी रंग आणायला गेले. त्या दिवशी राखी काही जुळेना. परत यायला मला दीड तास लागला.

आले तर दोन्ही डोळे विणून झाले होते. तात्या हात मांडीवर ठेवून बसले होते आणि बुबुळं डाव्या टोकाला होती. दोन्ही. आधी तीन काळा, मग आठ पांढरा. योहान शहराकडे पाठ फिरवावी तसा भलतीकडेच बघत होता.

मला वाटलं, झालं. तिल्ल्या मी पांढरी आधी, काळी नंतर अशा लावल्या होत्या, आणि त्यांनी त्या उलट्या धरल्या. आता त्यांना निळ्याकाळ्यातलंच काय, पांढऱ्याकाळ्यातलंही कळत नाही. मादाम दोन टेबलं सोडून बसली होती.

‘कसा झालाय?’ तात्यांनी विचारलं.

‘छान झालाय.’

‘कुणीकडे बघतोय?’

त्यांचा आवाज जरासा वेगळा होता, हसू आवरल्यासारखा. मला तो दमल्यासारखा वाटला.

‘शहराकडे,’ मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग हात पुढे करून अंगठ्याच्या नखानं डाव्या डोळ्याचे तार मोजले, सावकाश, एकदा आणि पुन्हा एकदा. ‘हं,’ म्हणाले. आणि मग, ‘मी जरा पडतो.’

त्या देशात जेवणाची सुट्टी दोन तासांची असते. सगळे गेल्यावर मी तात्यांच्या जागेवर बसले आणि डोळे उसवले. ओळी वरच्या वर होत्या, त्यामुळे अवघड काही नव्हतं. दोन्ही बाजूंनी गाठ दिसू न देता मी पुन्हा विणलं. आठ पांढरा, तीन काळा. मला सांगायला लाज वाटते, पण माझं काम उत्तम झालं. योहान शहराकडे बघायला लागला. मी उसवलेला धागा परकराच्या खिशात टाकला आणि बाकावर जाऊन तात्यांना उठवलं.

ते मागावर बसले. सवयीनं बोटं आधी विणलेल्या भागावरून फिरवली आणि डोळ्यांवर आल्यावर थांबली. मी तिल्ल्या उगाच पुन्हा लावत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर घंटा वाजली.

‘राखी दे,’ तात्या म्हणाले.

केस दोन दिवसांत झाले. मी म्हणत होते, पाच राखी, दोन पांढरा. ते विणत होते. मला हायसं वाटत होतं. त्यांना कळलं नाही किंवा कळून त्यांनी सोडून दिलं, काही असो, चेहरा त्यांच्या हातून पुरा होत होता आणि कुणाला काही कळलं नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

मादामच्या बायकांनी तुकडा पटात सांधला. मादामनं भिंग घेऊन आधी पुढून बघितलं, मग पट उचलून मागून, मग पुन्हा पुढून, आमच्या ओट्यावर बघितला होता तसाच. शेवटी तिनं भिंग खाली ठेवलं आणि आपला वाकडा हात तात्यांच्या हातावर ठेवला. त्याला दुभाषी लागली नाही.

निघायच्या दिवशी दालनात छोटासा समारंभ होता. दहा-बारा माणसं, केक, आणि लाल वाईन. तात्यांनी द्राक्षाचा रस म्हणून पेला हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे दिला. तेवढ्यात सिस्टर आली. मठातल्या कामामुळे ती चार दिवस फिरकली नव्हती. ती सरळ चौकटीसमोर जाऊन उभी राहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

‘काका, तुम्ही बदललंत का?’

‘काय बदललं?’ मी विचारलं.

‘अगं, योहान देवदूताकडे बघणार होता ना. म्हणून तर मी मादामना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, मूळचा चेहरा जिवंत माणसांपैकी कुणीच पाहिलेला नाही, तेव्हा काकांच्या मनाला येईल तसं करू द्या. तुला सांगितलं नाही यांनी?’

मी चौकटीकडे वळले.

‘मला म्हणाले होते,’ सिस्टर आता हळू आवाजात बोलायला लागली, ‘शहर काय, सगळ्यांनाच दिसणार आहे. पण हा माणूस इतक्या चौकटी ज्याच्या जिवावर बघतोय, त्याच्याकडे एकदाही वळून बघत नाही, हे बरं नव्हे. एकदा तरी बघू दे त्याला.’ मग ती माझ्या आणखी जवळ आली. ‘डोळ्यांचंही सांगितलं त्यांनी मला. मी कुणाला बोलले नाही.’

देवदूत डावीकडे होता. मी तात्यांच्या डावीकडे बसायचे.

माझ्या हातातला पेला मी कुठे ठेवला ते मला आठवत नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी तात्या बोलले.

‘बदललं, सिस्टर. माझंच मन फिरलं. म्हटलं, एवढा म्हातारा झालाय, त्याला शहर बघू दे आता.’

‘तेही बरंच,’ सिस्टर म्हणाली, आणि तिनं मादामला ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मादामनं मान हलवली. तिच्या दृष्टीनं दोन्ही ठीक होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले, आणि या वेळी तिथे माणसं होती.

गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर जाऊन बसलो. धुकं नव्हतं, नदी लख्ख दिसत होती, आणि मी ढसाढसा रडत होते. तात्या आपल्या उपरण्याचं टोक माझ्याकडे धरून बसले होते, पण ते जरा बाजूला धरलं होतं, मीच सरकून घेतलं.

‘तात्या, तुम्ही बोलला का नाहीत? मी उसवलं तेव्हा तरी बोलायचं.’

‘काय बोलणार?’

‘की तुमचं चुकलं नव्हतं म्हणून. चाळीस वर्षांत तुमचा तार चुकला नाही, आणि मला वाटलं...’

त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. रागावले असते तर मला सोसलं असतं.

‘मी तुला विचारलं होतं ना, कुणीकडे बघतोय म्हणून,’ ते म्हणाले. ‘तू म्हणालीस, शहराकडे. मी पुन्हा मोजलं. बोटं म्हणत होती, डावीकडे. तू म्हणत होतीस, शहराकडे. दहा दिवस मी तुझ्याच डोळ्यांनी बघत होतो, अने. मग मी खरं कुणाचं धरायचं?’

त्यानंतर सहा वर्षं ते होते. दृष्टी पुढच्या उन्हाळ्यातच गेली. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी माग सोडला आणि मी त्यावर बसले. तेव्हा गल्लीत चार लोक बोलले, मग थांबले. तात्या माझ्या डावीकडे पाटावर बसायचे आणि मी त्यांना जे विणत असेन ते सांगायचे, मोराचा गळा, वेलीचं वळण. त्या पटाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. फक्त एकदा, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, ते म्हणाले, दाढी चांगली जमली होती नाही आपली. मी म्हटलं, हो, आपली.

मी त्या गावी पुन्हा गेले नाही. माझा नातू मोबाईलवर फोटो शोधून दाखवतो. चौकट आहे, शहर उतरतंय, योहान त्याच्याकडे बघतोय. खाली पणजोबांचं नाव असेल, असं नातवाला वाटतं. नाव कुणाचंच नाही.

आता माझ्या पैठणीच्या पदरावर राघू असतात, चार-चारांच्या रांगेत. आमच्याकडे सगळे राघूचा डोळा मध्यावर भरतात. मी बुबुळ तीन तार डावीकडे घेते. कधी एखादी चोखंदळ बाई पदर डोळ्याजवळ नेऊन विचारते, ‘मावशी, हा राघू असा बाजूला काय बघतोय? चुकलंय का?’

‘चुकलेलं नाही,’ मी म्हणते. ‘तिकडे माझे वडील बसायचे.’